विश्वास ‘राखला’, ‘ठेवला’ की ‘टिकवला’?

नागपूरच्या एका ताईंनी विचारलं आहे. त्यांच्या आजी ९१व्या वर्षी प्रभूमध्ये निद्रिस्त झाल्या. जरीपटक्याच्या कबरस्थानात आता दगड बसवायचा आहे आणि त्यावर बायबलमधलं प्रेषित पौलाचं वचन घालायचं, एवढं ठरलंय. पण एका शब्दावर घर अडलंय. थोरल्या भावाला बायबलमध्ये आहे तसंच हवं : ‘मी विश्वास राखला आहे.’ ताईंना ‘टिकवला’ बरं वाटतं. वहिनी म्हणतात ‘ठेवला’ लिहा, सगळ्यांना कळेल. दगड कोरणारा अक्षरावर पैसे घेतो. तो म्हणतो, ‘आहे’ काढून टाका, अर्थ तोच राहतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. ‘राखला’ ठेवा, आणि ‘आहे’ला हात लावू नका.

वहिनींचा ‘ठेवला’ रोजच्या बोलण्यातला आहे, म्हणून ओठावर लगेच येतो. पण ‘विश्वास ठेवणे’ म्हटलं की मराठीत ‘कुणावर?’ हा प्रश्न येतोच. देवावर ठेवला, डॉक्टरवर ठेवला, भाजीवाल्याच्या काट्यावर ठेवला. ही सुरुवातीची क्रिया आहे. बाप्तिस्म्याच्या, दृढीकरणाच्या म्हणजे जाणत्या वयात विश्वास जाहीर करण्याच्या दिवसाची. पौलाचं वाक्य दुसऱ्या टोकाचं आहे. तो कैदेत आहे, आपला जाण्याचा काळ जवळ आल्याचं आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, लिहितो आहे. गंमत अशी की याच पत्राच्या पहिल्या अध्यायात ‘ठेव’ येते : तुझ्याकडे सोपवलेली चांगली ठेव सांभाळ. म्हणजे ठेवणारा वेगळा, सांभाळणारा वेगळा. आजींकडे काम आलं ते सांभाळण्याचं.

‘टिकवला’ चुकीचा नाही. नातं टिकवतात, नोकरी टिकवतात. पण टिकणं हा मुळात वस्तूचा गुण. लोणचं टिकतं, रंग टिकतो. बायबलमध्ये हा शब्द येतो तो माणसाला लागून : जो शेवटपर्यंत टिकून राहील तो तरेल. नवा करार मुळात ग्रीक, आणि तिथलं क्रियापद ‘हुपोमेनो’, शब्दशः ‘खाली राहणे’. ओझं अंगावर असताना त्याच्या खालून न निसटणे. त्याच धातूचं नाम रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात आहे, आणि मराठी बायबलनं तिथे ‘धीर’ हा शब्द घातलाय : संकटाने धीर, धीराने शील, शीलाने आशा. तेव्हा आजी टिकून राहिल्या, असं जरूर म्हणा. विश्वासाचं मात्र त्यांनी जे केलं, त्याला ‘राखणे’च म्हणावं लागेल.

पौलाचं क्रियापद ‘तेरेओ’. लक्ष ठेवणे, पहारा देणे, जपणे, पाळणे, सगळं त्यात येतं. योहानाच्या शुभवर्तमानात ‘माझ्या आज्ञा पाळाल’ म्हटलंय तिथे हेच क्रियापद. मत्तयात वधस्तंभाखाली शिपाई येशूवर पहारा करत बसले, तिथेही हेच. या दोन्ही टोकांना पुरून उरेल असा मराठी शब्द एकच, ‘राखणे’. संस्कृत ‘रक्ष्’पासून आलेला, पण शेतात वाढलेला.

आपल्या विदर्भातल्या माणसाला तो वेगळा समजावून सांगावा लागत नाही, कारण आपण जागलीला, म्हणजे रात्री शेत राखायला, गेलेलो असतो, निदान जाणाऱ्याला पाहिलेलं असतं. लहानपणी काटोलकडे मामाबरोबर मी एक रात्र ज्वारीच्या जागलीला होतो. शेकोटी, घोंगडी आणि एक रिकामा तेलाचा डबा. मामा थोड्या थोड्या वेळानं उठायचा आणि काठीनं डबा वाजवायचा. मी विचारलं, डुक्कर दिसलं का? तो म्हणाला, ‘दिसल्यावर वाजवून का करतं? कोणी जागी हाये हे त्याले समजलं पायजे.’ पहाटेपर्यंत एकही डुक्कर आलं नाही, आणि मामानं एकदाही डबा वाजवायचा सोडला नाही. ज्वारी काही त्याच्या जागण्यानं वाढत नव्हती. ती आपली वाढतच होती. त्यानं ती राखली.

ताईंनी पत्रात आजींबद्दल जे लिहिलंय ते मला याच जातीचं वाटतं. बाप्तिस्मा स्कॉटिश मिशनच्या मंडळीत. पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी याच नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली आणि मंडळीची पाटी बदलली. पाळक बदलत गेले, मुलं पुण्या-मुंबईला गेली, यजमान गेले. आजींची संध्याकाळची प्रार्थना सातला म्हणजे सातला. घरात कोणी नसलं तरी मोठ्यानं. ताई विचारतात, एकट्यानं मोठ्यानं कशाला? मला त्या डब्याचा आवाज आठवला.

आता ‘आहे’. ग्रीकमध्ये इथे साधा भूतकाळ नाही. क्रिया पुरी झाली आणि तिचं फळ आज हातात आहे, असं सांगणारं रूप आहे. मराठी अनुवादानं ते बरोबर पकडलं : सुयुद्ध केले आहे, धाव संपवली आहे, विश्वास राखला आहे. तिन्ही ठिकाणी ‘आहे’. ‘दार लावलं’ म्हटलं तर नंतर कोणी उघडलंही असेल. ‘दार लावलं आहे’ म्हटलं की ते आत्ता लावलेलं आहे. ‘विश्वास राखला’ इतकंच कोरलं तर गेलेल्या माणसाची हकीकत होते. कबरीवर ‘आहे’ असणं हीच तर ख्रिस्ती माणसाची आशा. कारागिराला ही दोन अक्षरं जास्तीची वाटतात, पण मला विचाराल तर सगळं वचन त्यांच्यावर उभं आहे.

जाता जाता ‘विश्वास’बद्दलही. संस्कृतात ‘वि’ आणि ‘श्वस्’ : मोकळा श्वास घेणे, निर्धास्त होणे. विश्वासासाठीचा हिब्रू शब्द ‘एमुना’ मात्र घट्टपणाचा. आपलं ‘आमेन’ त्याच कुळातलं. जुन्या करारातल्या निर्गम पुस्तकात अमालेकाशी लढाई चालू असताना मोशेचे वर धरलेले हात सूर्य मावळेपर्यंत स्थिर राहिले, त्या स्थिरपणाला हाच शब्द आहे. ते हात त्याच्या एकट्याच्या बळावर स्थिर नव्हते. अहरोन आणि हूर दोन्ही बाजूंनी धरून उभे होते. शेवटची दोन वर्षं आजींना दिसत नव्हतं, ताई स्तोत्र वाचायच्या आणि शेवटची ओळ आजी स्वतः म्हणायच्या, हे वाचलं तेव्हा मला तो प्रसंग डोळ्यांपुढे आला.

दगडावर जागा खरंच कमी असेल तर एक सुचवतो. ‘मी’ गाळा. संदर्भ ‘२ तीम. ४:७’ (तीमथ्याला दुसरं पत्र, चौथा अध्याय, सातवं वचन) एवढाच द्या. ‘विश्वास राखला आहे’ हे वाक्य मराठीत कर्त्याशिवाय उभं राहतं, कारण क्रियापद ‘विश्वास’शी जुळलेलं आहे. मग राखणारं कोण, ते उघडं राहतं. योहानाच्या सतराव्या अध्यायात येशू पित्याला आपल्या शिष्यांविषयी म्हणतो, ‘त्यांना राख.’ क्रियापद तेच, ‘तेरेओ’.