नॅशनल पार्कातलं उंच, पांढऱ्या फुलाचं झाड: सोनटक्का की पेव?

तुम्ही विचारलंय की बोरिवलीच्या नॅशनल पार्कात कान्हेरीकडे जाताना ओढ्याकाठी पुरुषभर उंचीची, पांढऱ्या फुलांची झाडं दाटीने उभी होती. तो रानातला सोनटक्का का, आणि घरी कुंडीत लावता येईल का?

सोनटक्का नाही, ते पेव. खात्रीने सांगते, कारण फुलाखाली लाल कणीस होतं आणि वास काहीच नव्हता, असं तुम्हीच लिहिलंय. सोनटक्का असता तर फूल दिसायच्या आधी वास आला असता.

पण माझं ऐकाल तर पुढच्या वेळी फूल राहू द्या, खोड बघा. सोनटक्क्याची पानं खोडाच्या दोन बाजूंना दोन ओळींत लागतात. पेवाची पानं गोल जिन्याच्या पायऱ्यांसारखी खोडाभोवती चढत जातात आणि खोडालाही तसाच पीळ पडतो. त्यामुळे फुलं यायच्या आधी, जुलैतसुद्धा पेव चालता चालता ओळखता येतं. पान उलटं करून चाचपलं तर मऊ रेशमी लव लागते. हळदीचं पान चुरगळल्यावर सुटतो तसा वासही याला नाही. पूर्वी पेव आल्याच्या कुळात धरत, आता त्याचं कॉस्टेसी हे वेगळं कुळ मानतात.

फुलं ऑगस्ट-सप्टेंबरात. कणसातून एका वेळी एखाद-दोनच उमलतात आणि दिवसभरात मलूल होतात. मधे पिवळी झाक असलेली ती मोठी, चुण्या पडलेली पांढरी पाकळी खरं तर पाकळी नाहीच! वांझ पुंकेसर एकमेकांना जुळून ती बनते. हे मला आजही विलक्षण वाटतं. कणसावर मुंग्या असतात त्या लाल खवल्यांवरच्या मधासाठी.

एक मात्र कळकळीने सांगते. नर्सरीत ‘इन्सुलिन प्लांट’ म्हणून मिळतं ते याच कुळातलं, पण बुटकं आणि नारिंगी फुलाचं. दोन्हींची पानं सारखीच वळणाने लागतात, पण तेवढ्यावरून पेवालाच इन्सुलिन प्लांट समजून मधुमेहावर त्याची पानं कुणाला खायला देऊ नका.

पार्कातून काहीही उपटायला कायद्याने बंदी आहे, तेव्हा कंद नर्सरीतूनच आणा. कुंडी मोठी घ्या, अर्धवट सावलीत ठेवा, पावसाळ्यात माती ओली राहू द्या. हिवाळ्यात वरचं सगळं वाळेल. तेव्हा कुंडी रिकामी करू नका, फक्त पाणी तोडा. कंद आत जिवंत असतो.