अर्जात मेंढरं लिहावीत का?

तू विचारलंस, की जतला घरी माडग्याळ मेंढ्या आहेत, बी.एस्सी. ॲग्रीचं शेवटचं वर्ष आहे, जर्मनीत एम.एस्सी.साठी शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचाय. तर ‘शेतकरी कुटुंब’ एवढं लिहून भागेल का मेंढरांचंही सांगावं? आणि तिकडं करमतं का?

पात्रता, तारखा, इंग्रजीच्या परीक्षेचे गुण हे सगळं संकेतस्थळावर आहे, ते मी उगाळत बसत नाही. एवढं मात्र बघ, डाडच्या (जर्मनीची परदेशी विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देणारी संस्था) विकासविषयक अभ्यासक्रमांना पदवीनंतर किमान २ वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. घरची मेंढरं राखली ती त्यात धरतील, या भरवशावर राहू नकोस.

पण मेंढरं लिही. ‘लहानपणापासून शेतीची आवड’ लिहिणारे ढिगानं असतात. आमचं घर आटपाडीकडचं. दिवाळी झाली की वाडा, म्हणजे मेंढरं, माणसं, बिऱ्हाड सगळं, वाळव्याच्या बागायतीकडं निघायचा. रात्री वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावून मेंढरं एखाद्याच्या रानात बसवायची, मालक ज्वारी द्यायचा नाहीतर रोख. दिवसभर बांधाला, पडीक रानात चरलेलं नत्र लेंडीतनं, मुतातनं रात्री त्या एका रानात उतरतं. आमच्या आबांना नत्र माहीत नव्हतं, पण कुठल्या रानाला किती रात्री बसवायच्या हे ते माती चोळून सांगायचे. असलं लिही. कळप केवढा, मालक काय देतो, पुढचं पीक कसं येतं. जर्मनीतल्या होहेनहाइम विद्यापीठात माझ्या मुलाखतीत निम्मा वेळ यावरच गेला.

ते विद्यापीठच मुळात दुष्काळातनं निघालंय. १८१६ साली युरोपात उन्हाळाच आला नाही, पिकं बुडाली, माणसं उपाशी मेली. म्हणून तिथल्या राजानं १८१८ मध्ये शेतीची शाळा काढली. जवळच्या श्वाबियन आल्ब डोंगरात आजही फिरते मेंढपाळ आहेत. माळरानं झुडपांनी भरू नयेत म्हणून सरकार त्यांना मेंढरं चारायचे पैसे देतं! आबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, “थट्टा करतोस व्हय?”

आता कागद. इंग्रजीच्या क्लासआधी जन्माचा दाखला काढ. मी तळावर जन्मलो, वाळवा तालुक्यातल्या एका गावच्या शिवारात. नोंद कुणी करायची? आमच्या गावचा ग्रामसेवक म्हणे जन्म जिथं झाला तिथं जा. तिथला म्हणे तुम्ही इथले रहिवासी नाही. वर्ष उलटून गेलेल्या नोंदीला तेव्हा मॅजिस्ट्रेटचा आदेश लागायचा. आबांना कोर्टात तारखेला उभं राहावं लागलं, पोरगा खरंच जन्मला हे सांगायला. कारकून हसला होता. ते हसू माझ्या अजून डोक्यात आहे, दाखला मात्र कुठल्या फायलीत आहे ते बायकोला विचारावं लागेल.

एकटेपणा असतो. रविवारी दुकानं बंद, तेव्हा जरा जास्त. स्वयंपाक शीक, भागतं.

तू विचारलं नाहीस, पण लग्न करून इथंच जर्मनीत राहिलास तर पुढचं ऐक. चौथीत इथं शिक्षक शिफारस करतात, मुलानं पुढं गिम्नॅझियमला, म्हणजे विद्यापीठाकडं नेणाऱ्या शाळेत, जावं की दुसऱ्या शाळेत. नऊ-दहा वर्षांचं पोर! आमच्या मुलीच्या बाई म्हणाल्या, घरी जर्मन बोलत नाही, तिला झेपणार नाही. गणितात ती वर्गात पुढं होती. आम्ही भांडलो नाही. परक्या मुलखात भांडायला जी भाषा लागते, ती तेव्हा माझ्याकडं नव्हती. तिचं बरं चाललंय आता, तीच मला म्हणते, “पप्पा, सोडा की.” मला सोडता येत नाही.

हे सगळं उकरून निघालं ते तुझ्या शेवटच्या ओळीनं. तू लिहिलंयस, ‘शिकून परत येऊन मेंढपाळांसाठी काम करीन, असं लिहिलं तर चालतं ना?’ चालतं. अर्जात तसं विचारतातच. मीही लिहिलं होतं, आणि लिहिताना ते खरं होतं. मग एक प्रकल्प, मग नोकरी, मग मुलीची शाळा. मधल्या काळात आबांनी कळप विकला, मला महिन्यानं कळवलं.

अर्जाचा मसुदा पाठव, मी वाचतो. मेंढरांचा भाग लांब झाला तरी चालेल, मी कापून देईन. परत यायचा परिच्छेद तेवढा दुसऱ्या कुणाकडनं तपासून घे.