मन पळालं, तर परत आणा

या खेपेला बेळगाव आणि आसपासच्या वडगाव, खानापूर, निपाणी, उद्यमबाग अशा चहूकडून ध्यानाविषयीची पत्रं आली. जवळजवळ प्रत्येक पत्रात एक तक्रार आहेच: ‘ताई, डोळे मिटले की विचार जास्तच येतात.’ म्हणून उत्तरांना हात घालण्याआधी एवढं सांगते की विचार बंद पाडणं म्हणजे ध्यान नव्हे. श्वासावर मन ठेवलं, ते निसटलं, निसटल्याचं ध्यानात आलं, पुन्हा आणून ठेवलं. हे परत आणणं म्हणजेच ध्यान. दहा मिनिटांत मन पन्नास वेळा पळालं आणि पन्नास वेळा तुम्ही ते आणलंत, तर बैठक वाया गेली नाही, पन्नास वेळा सराव झाला. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुनही हेच म्हणतो, की मन आवरणं वाऱ्याला आवरण्याइतकं अवघड आहे. कृष्ण ते नाकारत नाही. अवघड आहेच म्हणतो, आणि मग अभ्यास व वैराग्य सांगतो.

प्रश्न : वडगावात घरातच आमचे चार यंत्रमाग आहेत. सकाळी सातपासून खटखट. रात्री माग थांबले तरी डोक्यात चालूच राहतात. सुताचा भाव, साड्यांची उचल नाही, सोसायटीचा हप्ता, सगळं तेव्हाच आठवतं. शांत जागा नाही, तर ध्यान कुठं करायचं?

दादा, वडगाव-शहापूरच्या गल्ल्यांतून मी रोज जाते. तो आवाज नसला, की कुणाकडे काही वाईट तर घडलं नाही ना, असं वाटण्याइतका तो आपल्या ओळखीचा आहे. शांत जागा मिळेल तेव्हा बसू म्हणाल, तर हे आयुष्य जाईल. आवाजातच बसायला शिका.

तुमच्या कामात एक घंटा आधीच दडलेली आहे. धोट्यातली सुताची कांडी संपते, माग थांबतो, तुम्ही दुसरी कांडी घालता. दिवसभरात हे कितीतरी वेळा होतं. माग थांबला, की कांडी बदलण्याआधी फक्त तीन श्वास. नाकाने आत घ्या आणि सोडताना जरा लांबवा. खांदे कानांकडे चढलेले असतात, ते खाली येऊ द्या. मग कांडी घाला, माग सुरू करा. चालू मागापाशी डोळे मिटायचे नाहीत, एवढं पथ्य पाळा. तीन श्वासांनी काय होणार, असं वाटेल. पण संध्याकाळी एकदम पंधरा मिनिटं बसण्यापेक्षा दिवसभर विखुरलेले हे श्वास जास्त उपयोगी पडतात, असा माझ्याकडे येणाऱ्या विणकरांचा अनुभव आहे. कारण ताण संध्याकाळी एकदम येत नाही, तो कांडीगणिक साठत जातो.

रात्रीचं वेगळं. माग थांबल्यावर अंथरुणावर पडून घरातले बारीक आवाज मोजा: पंखा, लांबची गाडी, शेजारचा नळ, पोराचा श्वास. डोक्यातल्या खटखटीशी भांडू नका. तोही एक आवाज म्हणून मोजा आणि पुढच्याकडे जा. हप्त्याचा विचार आला तर उशाशी वही ठेवा, एका ओळीत लिहा, ‘उद्या अकराला सोसायटीत विचारणे’, आणि वही मिटा. ध्यानाने हप्ता फिटत नाही. पण रात्री दोन वाजता सोडवायला घेतलेला हिशेबही कधी सुटत नाही.

आणखी एक, हे ध्यानाबाहेरचं आहे पण मला सांगितलंच पाहिजे. माग बंद असतानाही कानात घूं घूं किंवा शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर तो मनाचा नाही, कानाचा आहे. कारखान्यांत आठ तासांसाठी ९० डेसिबल ही मर्यादा धरतात आणि मागांच्या खोलीत आवाज सहज त्याच्यावर जातो. कानात घालायचे बोळे औषधाच्या दुकानात मिळतात. ते तुम्ही वापरा, कांड्या भरणाऱ्या वहिनींनाही द्या आणि एकदा कान तपासून घ्या.

प्रश्न : मी खानापूरहून रोज बसने बेळगावला कॉलेजला येते. दहावीपर्यंत मराठी माध्यम. आता कन्नडच्या तासाला सरांनी उभं केलं की छाती धडधडते, शब्द फुटत नाही. परीक्षेतही तसंच. ध्यानाने हे जाईल का?

बाळ, धडधड म्हणजे तू कमजोर आहेस असं नाही. धोका दिसला की शरीर पळायची किंवा लढायची तयारी करतं. हृदय जोरात चालतं, तोंड कोरडं पडतं. समोर वाघ असो की कन्नडचे सर, शरीराची तयारी सारखीच.

या तयारीला उतरवणारी एक दोरी तुझ्या हातात आहे, ती म्हणजे उच्छ्वास. श्वास घेताना हृदय किंचित वेगाने चालतं, सोडताना किंचित मंदावतं. म्हणून सोडणं लांबवायचं. मनात चार मोजत घे, सहा मोजत सोड. एक श्वास दहा सेकंदांचा झाला, म्हणजे मिनिटाला सहा. एरवी आपण मिनिटाला बारा ते वीस वेळा श्वास घेतो. श्वास कोंडून धरायचा नाही. गरगरलं तर मोजणं सोडून नेहमीसारखा श्वास घ्यायचा.

पण परीक्षेच्या हॉलमध्ये पहिल्यांदा करून बघशील तर जमणार नाही. बसमध्ये कर. खानापूर सुटलं की मोबाइल दप्तरात ठेव, खिडकीबाहेर बघत पाच मिनिटं श्वास मोज, मग हवा तर मोबाइल काढ. पावसाळ्यात खिडक्या बंद असतात, बसमध्ये कोंदट होतं, उभं राहावं लागतं. तरी चालेल. दांडा धरलेला हात आणि जमिनीवरचे तळवे जाणवू देत. महिनाभर रोज केलंस की हॉलमध्ये शरीर स्वतःहून ती वाट धरेल.

आता दुसरी गोष्ट. कन्नडची भीती श्वासाने सौम्य होईल, पण जाईल ती कन्नड वाचूनच. रोज बसच्या पाट्या, दुकानांची नावं, वर्तमानपत्रातला एक मथळा मोठ्याने वाच. कन्नड बोलणारी एक मैत्रीण कर. तिला मराठी शिकव, तिच्याकडून कन्नड शीक. या भागात दोन्ही भाषा ओठांवर खेळणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. भाषेवरून मोठी माणसं भांडतात, ते ओझं तू परीक्षेच्या बाकावर नेऊ नकोस. कन्नडमध्ये ‘नेम्मदी’ असा एक सुंदर शब्द आहे. मनाचं स्वास्थ्य आणि समाधान असं दोन्ही त्यात येतं. तुझ्या वहीतला तो पहिला शब्द होऊ दे.

प्रश्न : उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला आहे. आठवड्याआड रात्रपाळी. ध्यानाला बसलो की पाच मिनिटांत झोप लागते. काय चुकतं?

काही चुकत नाही, झोप कमी पडते आहे. रात्रपाळीच्या आठवड्यात ध्यानाचा हट्ट सोडा. घरी आल्यावर खोलीत अंधार करा, मोबाइल बाहेर ठेवा आणि झोपा. दिवसपाळीच्या आठवड्यात आंघोळीनंतर, पाठ ताठ ठेवून, डोळे अर्धवट उघडे ठेवून बसा.

प्रश्न : निपाणीजवळच्या गावात राहते. सासूबाईंना विस्मरणाचा आजार आहे, तीन वर्षं झाली. रात्री उठून दार उघडून बाहेर जातात. मी एकटीच बघते. परवा त्यांच्यावर ओरडले आणि नंतर न्हाणीत बसून रडले. नणंद फोनवर म्हणते, वहिनी, ध्यान करत जा, चिडचिड कमी होईल. खरंच करू का?

तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं. करा, पण त्याआधी नणंदेला सांगा की महिन्यातून चार दिवस तिने येऊन राहायचं. तीन वर्षं रात्रीची झोप मोडलेल्या बाईला चिडचिड होणारच. तो तुमच्या मनाचा दोष नाही. ते थकलेल्या शरीराचं म्हणणं आहे आणि ते घरातल्या सगळ्यांनी ऐकलं पाहिजे. आपल्याकडे कामाची वाटणी करायची नसली की बाईला शांत राहायला शिकवतात. अशा कामासाठी कुणी ध्यान वापरू लागलं, तर मी त्याच्या विरुद्ध उभी राहीन.

आज रात्री यजमानांसोबत बसून कागदावर लिहा: रात्री कोण उठणार, आंघोळ कोण घालणार, दवाखान्यात कोण नेणार. ‘मी करते, तुम्ही मदत करा’ असं लिहू नका. प्रत्येक कामापुढे एकच नाव. दाराला वरच्या बाजूला कडी किंवा छोटी घंटा लावा, म्हणजे कानाला जागरण कमी. रस्ता चुकला तर उपयोगी पडावी म्हणून त्यांच्या कपड्यात फोन नंबरची चिठ्ठी शिवून ठेवा. डॉक्टरांना रात्रीच्या उठण्याबद्दल मुद्दाम सांगा, त्यावरही उपाय असतात.

आणि मग स्वतःसाठी एक. भाकरी तुम्ही रोज थापताच. त्यातली पहिली भाकरी फक्त थापायची. पिठाचा गारवा, तळव्याला लागणारं पाणी, काठ फिरताना बोटांना होणारी ती ओळखीची हालचाल, तव्यावर पडतानाचा आवाज. मन सासूबाईंकडे जाईल, गेलं तर हातांकडे आणा. दुसरी भाकरी नेहमीसारखी, मनात हजार गोष्टी घेऊन करा. एकच भाकरी तुमची.

ओरडल्याबद्दल एक सांगते. त्या ते विसरल्या असतील, तुम्ही विसरला नाहीत. पुढच्या वेळी राग चढताना बहुधा जबडा आणि मुठी आधी आवळतात. तिथेच ओळखता आलं, तर त्या सुरक्षित आहेत एवढं बघून खोलीबाहेर दोन मिनिटं जा. तेवढं पुरे. कधीकधी तेही जमणार नाही, तेव्हा स्वतःला शिक्षा देऊ नका.

प्रश्न : वय ५८. रक्तदाबाची गोळी चालू आहे. प्राणायाम-ध्यान सुरू केलं तर गोळी बंद करता येईल ना?

स्वतःहून मुळीच नाही. नियमित ध्यानाने रक्तदाब काहींचा थोडा उतरतो, पण गोळीची जागा घेण्याइतका भरवसा त्यावर ठेवता येत नाही. ध्यान करा, गोळी घ्या, घरी मोजून वहीत लिहा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा. कमी करायची असेल तर तेच करतील. श्वास रोखून धरणारे आणि जोरजोरात भाता चालवणारे प्रकार तुम्ही टाळा.

ध्यानाकडून किती अपेक्षा ठेवावी, हेही या निमित्ताने सांगते. २०१४ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी ४७ चाचण्या एकत्र तपासल्या, त्यांत साडेतीन हजारांवर माणसं होती. चिंता, उदासी आणि दुखणं यांत ध्यानाने मध्यम खात्रीचा, पण बेताचाच फरक दिसला. झोप किंवा वजन सुधारतं असा पुरेसा पुरावा मिळाला नाही. माझा इतक्या वर्षांचा अनुभवही असाच आहे. चमत्कार होत नाही, पण फरक पडतो.

प्रश्न : यजमान जाऊन सात महिने झाले. मैत्रिणीने दहा दिवसांच्या मौन शिबिराला न्यायचं ठरवलंय. पण घरी डोळे मिटले तरी तो दवाखाना दिसतो, हातपाय गार पडतात, कधीकधी आपणही जावं असं वाटतं. तरी शिबिराला जाऊ का?

नाही. आत्ता नको. मैत्रिणीची माया खरी आहे, पण दहा दिवस मौनात स्वतःच्या आठवणींसमोर एकटं बसणं आज तुम्हाला झेपणार नाही. ताज्या जखमेवर ध्यानाने कधीकधी खपली निघते. डोळे मिटून बसणं सध्या पूर्ण बंद ठेवा.

‘आपणही जावं’ हे तुम्ही एका ओळीत लिहिलंय, पण माझ्यासाठी पत्रात तेच सर्वांत मोठं आहे. ते आजच कुणाला तरी तोंडाने सांगा, मुलीला, बहिणीला, त्या मैत्रिणीला. आणि १४४१६ या क्रमांकावर फोन करा. ही मनाच्या आरोग्यासाठीची सरकारची टेलिमानस सेवा आहे. फोन मोफत, दिवसरात्र चालू, मराठीतही बोलता येतं. बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचे डॉक्टर आहेत, धारवाडला तर मनाच्या आजारांसाठी खास संस्थाच आहे. कुणाला तरी सोबत घेऊन जा. जावं असं फार वाटू लागलं तर एकट्या राहू नका, रात्र असली तरी शेजारचं दार वाजवा.

हातपाय गार पडतील तेव्हा डोळे उघडे ठेवा. खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्या. थंड पाण्याचा तांब्या दोन्ही हातांत धरा. पाय जमिनीवर दाबा. सकाळी कुणाबरोबर तरी चाला. ध्यान पुढे कधीतरी, घाई नाही.

प्रश्न : मी वारकरी आहे, चाळीस वर्षं संध्याकाळी हरिपाठ आणि माळ. मुलगा पुण्याहून आला की म्हणतो, बाबा, हे पाठांतर झालं, ॲपवर ध्यान शिका. खरंच आमचं ध्यान नव्हे का?

काका, माळेचा एक मणी सरकतो, नाम येतं, मन पळतं, पुढचा मणी त्याला परत आणतो. पहिल्या परिच्छेदात मी जे लिहिलं ते तुमची बोटं चाळीस वर्षं करताहेत. आमच्याच गावात लिंगायत घरांत कुणी तळहातावर इष्टलिंग घेऊन नजर स्थिर करतं, जैन घरांत ४८ मिनिटांचं सामायिक होतं. वाटा वेगळ्या, पण सवय तीच, परत येण्याची.

मुलावर रागावू नका. पुण्यात एकट्या खोलीत त्याला ॲपचा आवाज सोबतीला वाटत असेल. पुढच्या खेपेला आला की बेळगावच्या किल्ल्यात न्या. तिथल्या कमळ बसदीच्या, म्हणजे जुन्या जैन मंदिराच्या, काळ्या दगडी मंडपात थोडं बसा. तिथून जवळच रामकृष्ण आश्रम आहे. १८९२ च्या ऑक्टोबरमध्ये विवेकानंद बेळगावात आले होते, हे त्याला सांगा. मग घरी येऊन माळ घेऊन बसा आणि त्याला म्हणा, तू तुझं ॲप लाव, कानात घाल, मी माझं म्हणतो, दोघं एकाच चटईवर बसू.