बेंच ग्राइंडर की बेल्ट ग्राइंडर? आधी काम ठरू द्या

चोपडा तालुक्यातून एका वडिलांचं पत्र आलं आहे. घरात पिढीजात लोहारकी. मुलगा आयटीआयला फिटर ट्रेडच्या दुसऱ्या वर्षाला आहे. नोकरी नको, चाकू-सुऱ्या बनवणार म्हणतो आणि त्यासाठी कर्ज काढून मोठा बेल्ट ग्राइंडर घ्या म्हणून मागे लागला आहे. वडील विचारतात, 'माझ्याकडे आठ इंची बेंच ग्राइंडर आहेच, त्यावर विळे-कोयते निघतात. मग नवीन मशीन कशाला? आणि यात पोराचं पोट भरेल का?'

भाऊ, मशीनबद्दल तुमच्या मुलाचं म्हणणं बरोबर आहे. कर्जाची मात्र घाई करू नका.

तुमचा आठ इंची दगड मिनिटाला 2,800 फेरे घेत असेल, तर त्याची कड सेकंदाला जवळपास 30 मीटर धावते. कोयत्याचं पातं जाड, ते ही उष्णता सोसतं. सुरीच्या बारीक धारेला तेवढं अंगच नसतं. रंग कसा चढतो ते तुम्ही कितीदा पाहिलं असेल: आधी फिका पिवळा, मग तपकिरी, जांभळा आणि बघता बघता निळा. पिवळा साधारण 220 अंशांच्या आसपास येतो, निळा 300 च्या. पाणी दिलेलं, म्हणजे लाल तापवून बुडवून कडक केलेलं पातं आपण पुन्हा 200 अंशांच्या आसपास शेकून चिवट करतो. म्हणजे धार निळी झाली की तिथलं पाणी उतरलं. रंग घासून जातो, पण कडकपणा परत येत नाही. तेवढा भाग घासून काढा, नाहीतर पुन्हा भट्टी पेटवा. शिवाय गोल दगडावर पातं सपाट घासलं जात नाही, दगडाच्या गोलाईची खोलगट पन्हळ पडते.

चाकू बनवणारे ज्याला दोन बाय बहात्तर म्हणतात, त्या बेल्ट ग्राइंडरचा खरखरीत पट्टा दोन इंच रुंद आणि 72 इंच लांब असतो. पट्टा लांब असल्यामुळे पुन्हा पात्याशी येईपर्यंत थोडा निवतो. आकार काढायला 36 किंवा 60 नंबर, मग 120, 220, 400 असे (नंबर वाढला की पट्टा बारीक) पट्टे भराभर बदलता येतात. मागे सपाट पाटी असली की पात्याचा उतार सरळ येतो, चाकावर धरलं तर खोलगट. पण माझ्या मते यातली सगळ्यात मोलाची सोय म्हणजे वेग कमी-जास्त करता येणं. 1,440 फेऱ्यांची मोटर आणि चार इंची चाक असेल तर पट्टा सेकंदाला साडेसात मीटर जातो. व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारं विजेचं उपकरण, बसवली की हाच वेग निम्म्यावर आणता येतो. पाणी देण्याआधी पूर्ण वेगात आकार काढायचा आणि धारेला मिलिमीटरभर जाडी ठेवायची, म्हणजे पाणी देताना पातं वाकत किंवा तडकत नाही. पाणी दिल्यावर मात्र कमी वेग, उघडा हात आणि शेजारी पाण्याची बादली. बोटाला चटका जाणवला की पातं बादलीत. हातमोजे घालून घासणाऱ्याला हा चटका कळत नाही, आणि मोजा पट्ट्यात ओढला जायची भीती वेगळीच. डोळ्यांना चष्मा आणि नाकाला धुळीचा मास्क यांत तडजोड नको.

आता खर्च. मुलगा फिटर आहे ना? मग तयार मशीन घेऊच नका, सांगाडा त्यालाच बनवू द्या. चौकोनी पाइप, लोखंडी पट्ट्या, ताण देणारी स्प्रिंग, पट्टा मध्यावर ठेवणारं चाक. मार्किंग, ड्रिलिंग, टॅपिंग, अलाइनमेंट हे सगळं त्याच्या अभ्यासक्रमातलंच आहे. विकत घ्यायची ती दीड-दोन एचपीची थ्री फेज मोटर, सिंगल फेजवर चालणारी व्हीएफडी, चाकं आणि पट्टे. वायरिंग आणि अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. व्हीएफडी बंद डब्यात ठेवा, कारण लोखंडाची भुकटी आत गेली की ती जळते. शेतातल्या पंपाच्या कनेक्शनवर हे चालवायचा विचार असेल तर तो सोडा. ते नियमात बसत नाही, आणि शेतीची थ्री फेज ठरावीक तासच येते. स्वतः बनवलेलं, नीट चालणारं मशीन उद्या कोणत्याही मुलाखतीत त्याच्या सर्टिफिकेटइतकंच बोलेल.

पोट भरण्याबद्दल स्पष्ट सांगतो. नुसत्या हौशी चाकूंवर पहिल्या वर्षीच घर चालेल असं धरू नका. धार लावण्याचं काम मात्र आपल्याकडे दारात आहे. यावल-रावेरच्या केळीला कापणीचे विळे लागतात, शहाद्याकडच्या उसाला कोयते. हॉटेलं आणि मटणाची दुकानं आहेतच. आणखी एक काम आहे, तिकडे फार कुणी बघत नाही: जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या, डबल रोलर यंत्रांतल्या सुऱ्या आणि जळगाव एमआयडीसीत प्लास्टिकचा चुरा करणाऱ्या यंत्रांची पाती. ही सरळ, लांब पाती बेल्टवर धरून चालत नाहीत. त्यांना सरफेस ग्राइंडर, म्हणजे कूलंट (थंड ठेवणारं द्रव) सोडत सपाट घासणारं यंत्र लागतं. तो हात बसवायचा तर फिटर झाल्यावर अप्रेंटिसशिप सोडू नये. भुसावळ आणि वरणगावच्या आयुध निर्माणी, भुसावळचं रेल्वे वर्कशॉप यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. यंत्रांवरच जीव असेल तर मशिनिस्ट ग्राइंडर हा दोन वर्षांचा वेगळा ट्रेड आहे, आणि छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये टूल अँड डाय मेकिंगचा डिप्लोमाही आहे.

एक गोष्ट त्याला बजावून सांगा. घरकामाची आणि शेतीची हत्यारं बनवायला हरकत नाही, पण नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचे शोभेचे खंजीर, तलवारी, बटण दाबून उघडणारे चाकू यांची ऑर्डर घ्यायची नाही. तिथे शस्त्र कायदा लागतो, मागणारा कितीही ओळखीचा असो.

पैशासाठी सावकाराकडे जाण्याआधी पीएम विश्वकर्मा योजना बघा. 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झालेल्या या योजनेत 18 व्यवसाय आहेत आणि लोहार त्यात आहे. प्रशिक्षणाच्या दिवसांत रोज 500 रुपये, अवजारांसाठी 15,000 रुपये, आणि पुढे पाच टक्के व्याजाने पहिल्या टप्प्यात एक लाखापर्यंत कर्ज मिळतं. नोंदणी सीएससी केंद्रावर होते, पडताळणी ग्रामपंचायतीपासून सुरू होते. लाभ कुटुंबात एकालाच मिळतो, आणि अविवाहित मुलगा तुमच्याच कुटुंबात धरला जातो. तो अजून शिकतोय आणि भट्टी तुम्ही चालवता, तेव्हा अर्ज तुमच्या नावाने करा.