येशूच्या जुन्या सिनेमातले रंग खरे की कम्प्युटरचे?

प्रश्न: मी बडोद्याला दांडिया बाजारात राहते, वय ६८. मोबाईलवर पाथे कंपनीचा येशूच्या आयुष्यावरचा मूकपट पाहिला, १९०३ च्या आसपासचा. त्यात मधेच कोणाचा झगा पिवळा, कोणाचा गुलाबी, बाकी सगळं काळंपांढरं. नातू म्हणतो, आजी हे आत्ता कोणीतरी कम्प्युटरवर रंगवलंय, तेव्हा कुठला आलाय कलर. खरं आहे का हे?

उत्तर: आजी, नातवाचं अर्धं बरोबर आहे. रंग टिपणारी फिल्म तेव्हा वापरात नव्हती, शूटिंग काळंपांढरंच व्हायचं. पण तुम्ही सांगताय तसे फक्त कपड्यांवर असलेले रंग बहुतेक तेव्हाचेच, आणि ते बायकांच्या हातचे आहेत!

सुरुवातीला तर एकेक फ्रेम, म्हणजे फिल्मवरचं एकेक चित्र, बारीक ब्रशने रंगवायचे. पॅरिसमध्ये एलिझाबेथ थुलिए नावाच्या बाईंचा वर्कशॉपच होता, २०० च्या वर बायका कामाला. तेव्हा सेकंदाला साधारण १६ फ्रेम धरल्या तरी मिनिटाला ९६० होतात, आणि प्रत्येकीत तो एवढासा झगा! म्हणून मग पाथेने छाप वापरायला घेतले. आपल्या दिवाळीतल्या रांगोळीच्या छापासारखंच, भोकं असतील तिथेच रंग पडणार. फिल्मचीच एक कॉपी घ्यायची, त्यातला झग्याचा भाग फ्रेमनुसार कापून काढायचा, मग ती खऱ्या कॉपीवर ठेवून मखमलीच्या पट्टीने वरून रंग फिरवायचा, आणि पिवळ्याचा छाप वेगळा, गुलाबीचा वेगळा. नंतर कापायला मशीन आलं, पण कडेकडेने सुई बाईच फिरवायची. लहानपणी आमच्या गल्लीतल्या फोटो स्टुडिओत एक काका लग्नाच्या फोटोतल्या नवरीचे गाल कापसाने गुलाबी करायचे, एका फोटोला त्यांची अख्खी दुपार जायची, त्यामुळे हे वाचलं की मला पहिले तेच आठवतात.

एवढा खर्च येशूच्याच सिनेमावर का, तर तो शिळा होत नव्हता. ख्रिसमस, ईस्टरला दरवर्षी मागणी यायची आणि पाथे तर प्रसंग सुटे पण विकायचे, त्यामुळे पैसे वसूल व्हायचे.

आता रंग तेव्हाचा की कम्प्युटरचा हे ओळखायचं कसं, ते नातवाला दाखवा. व्हिडिओ पॉज करा आणि एकेक फ्रेम पुढे न्या, झग्याच्या कडेला रंग थोडा हलताना, बाहेर सांडताना दिसेल, चेहरे आणि हात मात्र बहुतेक करडेच राहिलेले असतील. आत्ताच्या कम्प्युटरवाल्या कॉपीत चेहरे, केस, दगड, आभाळ सगळंच रंगलेलं असतं. आणि अख्खं दृश्यच निळं किंवा तांबूस दिसलं तर ती फिल्मच रंगात बुडवलेली, निळा म्हणजे रात्र, पिवळसर म्हणजे दिवा.

पुढे १९२५ चा बेन-हर, १९२७ चा द किंग ऑफ किंग्ज यांत काही प्रसंग टेक्निकलरचे, म्हणजे रंगातच शूट केलेले, आहेत, दुसऱ्यात येशू परत जिवंत होतो तो भाग रंगीत आहे. पण ते टेक्निकलर दोनच रंगांचं, तांबडं आणि हिरवं, त्यात खरा निळा येतच नव्हता. चित्रांमध्ये मेरीचा झगा पिढ्यान्‌पिढ्या निळा आणि पडद्यावर नेमका तोच रंग मिळेना, याची मला फार चुटपुट लागते.

आणि हो, आपले दादासाहेब फाळके बडोद्याच्या कलाभवनात शिकले, तुमच्या घरापासून ते काही लांब नाही. त्यांनी १९१०-११ च्या सुमारास मुंबईत येशूच्या आयुष्यावरचा सिनेमा पाहिला आणि बघता बघता त्यांना डोळ्यासमोर राम, कृष्ण दिसायला लागले, त्यातूनच १९१३ चा राजा हरिश्चंद्र झाला. नातवाला एकदा कलाभवनावरून घेऊन जा.