हत्तीरोगाचं रक्त रात्रीच का काढतात?

प्रश्न असा आहे: "रात्री साडेनऊला आरोग्य खात्याची माणसं घरी आली, सगळ्यांच्या बोटाचं रक्त काचेवर घेऊन गेली. झोपलेल्या मुलीलाही उठवलं. हत्तीरोगाची तपासणी म्हणे. आमच्या घरात कुणाचाच पाय सुजलेला नाही. ही माणसं दिवसा का येत नाहीत? यात काही शास्त्र आहे की दिवसा लोक घरी सापडत नाहीत म्हणून?"

दिवसा लोक घरी सापडत नाहीत हे खरंच आहे, रोवणीच्या दिवसांत तर गावात कुत्रंसुद्धा दिसत नाही. पण कारण ते नाही. दिवसा सापडत नाही तो हत्तीरोगाचा जंत.

मी हत्तीरोग पथकात प्रयोगशाळा तंत्रज्ञ म्हणून एकवीस वर्षं काढली, सगळी पूर्व विदर्भात. तुमचा प्रश्न मला किती ओट्यांवर विचारला गेला असेल याची गणती नाही. एका म्हाताऱ्याने तर विचारलं होतं, "रातच्याला काऊन येता जी? दिवसा रगत पांढरं असते का?" त्याला सांगितलं तेच जरा ऐसपैस सांगतो.

हा जंत माणसाच्या अंगात दोन रूपांत असतो. मोठे जंत, म्हणजे नर आणि मादी, लसिकावाहिन्यांत राहतात. रक्तातून झिरपलेलं पाणी गोळा करून परत रक्तात सोडणाऱ्या या नाल्या. मादी ८ ते १० सेंटिमीटर लांब, पण शिवणकामाच्या दोऱ्यासारखी बारीक. नर तिच्या निम्म्याहून लहान. ही जोडपी तिथे गुंता करून पाच-सात वर्षं बसतात आणि रक्तात येत नाहीत, म्हणून बोट टोचून ती मिळायची नाहीत. रक्तात येतात ती त्यांची पिल्लं, मायक्रोफायलेरिया. मिलिमीटरचा जेमतेम पाव भाग लांब. ती लाखांनी जन्मतात, पण माणसाच्या अंगात एकही मोठं होऊ शकत नाही. त्यासाठी त्यांना डासाच्या पोटात जावंच लागतं. नाही गेली तर वर्षभरात आतल्या आत मरून जातात.

आपल्याकडचा हा डास म्हणजे क्युलेक्स, गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये वाढणारा. तो अंधार पडल्यावर चावायला निघतो, आणि मध्यरात्रीच्या आसपास त्याचा जोर सर्वांत जास्त असतो. पिल्लांनीही तीच वेळ धरली आहे. रात्री दहा ते दोनच्या सुमारास ती कातडीजवळच्या रक्तात गर्दी करतात आणि दिवस उजाडला की फुफ्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्यांत जाऊन दडतात. गावाला एकच एसटी असेल आणि ती रात्रीची असेल, तर दिवसभर स्टँडवर कोण उभं राहील? तुमच्या बोटाचं रक्त दुपारी बारा वाजता घेतलं असतं, तर अंगात लाखो पिल्लं असूनही काच कोरी निघाली असती. आणि आम्ही "काही नाही" असा खोटा निर्वाळा देऊन मोकळे झालो असतो.

आता त्या काचेचं पुढे काय होतं ते सांगतो, कारण लोकांना वाटतं रक्त कुठे विकायला नेतात. ते २० घन मिलिमीटर असतं, म्हणजे दोन-तीन टपोरे थेंब. ते काचेच्या पट्टीवर जाडसर पसरून रात्रभर वाळू द्यायचं. मुंग्या आणि माश्या ते चाटून साफ करतात, म्हणून पट्ट्यांचा डबा जपावा लागतो. माझ्या पहिल्याच वर्षी अर्ध्या वस्तीचं रक्त मुंग्यांनी खाल्लं होतं, आणि दुसऱ्या रात्री त्याच दारांत पुन्हा जाऊन उभं राहताना जे ऐकून घेतलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. सकाळी पट्टी साध्या पाण्यात बुडवायची. लाल रंग धुऊन जातो आणि काचेवर फिकट डाग उरतो. मग जेएसबी रंगात बुडवायची. जसवंत सिंग आणि भट्टाचारजी या आपल्याच माणसांच्या नावाचा रंग आहे तो, मलेरियाच्या पट्ट्यांनाही तोच. वाळली की सूक्ष्मदर्शकाखाली. पिल्लू दिसतं तेव्हा चुकायचा प्रश्नच येत नाही. निळ्या-जांभळ्या ठिपक्यांची सुबक वळणाची माळ, भोवती पारदर्शक खोळ, आणि शेपटीच्या टोकाला ठिपके संपलेले. टोकापर्यंत ठिपके दिसले तर तो आपला नेहमीचा जंत नव्हे, त्याचा केरळात सापडणारा भाऊबंद.

"आमच्या घरात कुणाचा पाय सुजलेला नाही" हे तुम्ही लिहिलंत, त्यावर थोडं जास्त बोलायचं आहे. नाव आणि गाव सोडून एक प्रसंग सांगतो.

एका घरात आजी होती, उजवा पाय गुडघ्यापर्यंत खांबासारखा. कातडी जाड, घड्या पडलेल्या, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या. तिचा नातू बावीस-तेवीसचा, कबड्डी खेळणारा, अंगाने दणकट. आजीने मुकाट्याने बोट पुढे केलं. नातू म्हणाला, "तिचंच पाहा ना जी, माह्यं काय पाहता?" त्याच्या वहिनीने दटावलं तेव्हा कुठे त्याने हात दिला. दोन दिवसांनी पट्ट्या पाहिल्या. आजीच्या पट्टीवर एकही पिल्लू नाही. नातवाच्या पट्टीवर ३०. दोन-तीन थेंबांत ३०! अंगात पाच लिटर रक्त धरून सरळ गुणाकार केला तर ७५ लाख. हिशेब ढोबळ आहे, पण गावातल्या सगळ्या डासांना पुरून उरेल एवढा ऐवज तो पोरगा अंगात घेऊन फिरत होता, आणि त्याला साधी कणकणसुद्धा नव्हती.

हे उलटं वाटतं, पण नेहमीचंच आहे. पाय सुजतो तो लसिकावाहिन्या वर्षानुवर्षं बिघडत गेल्यामुळे. तोवर मोठे जंत बहुधा मरून गेलेले असतात, आणि पिल्लं रक्तात नसतात. म्हणून हत्तीपाय झालेल्या माणसापासून सहसा कुणाला लागण होत नाही. गावाने त्याला पाणवठ्यावर येऊ द्यायचं नाही, पंगतीला वेगळं बसवायचं, हा शुद्ध अन्याय आहे आणि मी तो डोळ्यांनी पाहिला आहे. लागण पसरते ती धडधाकट दिसणाऱ्यांकडून. रात्री पथक नेमकं त्यांनाच शोधत असतं.

पिल्लांना रात्र झाल्याचं कळतं कसं, हा मला स्वतःला सगळ्यात आवडणारा भाग. कोलकात्यात टिमोथी लुईस यांना १८७२ मध्ये माणसाच्या रक्तात ही पिल्लं दिसली होती, पण ती तिथे काय करतात हे कुणाला ठाऊक नव्हतं. चीनच्या अमॉय बंदरात पॅट्रिक मॅन्सन नावाचा स्कॉटिश डॉक्टर होता. त्याचा माळी हिन लो याच्या रक्तात पिल्लं होती. मॅन्सनने त्याला डासांच्या खोलीत झोपवलं, सकाळी रक्त पिऊन फुगलेले डास पकडले आणि रोज थोडे थोडे फाडून पाहिले. पिल्लं डासाच्या अंगात वाढताना दिसली. साल १८७७. डासामार्फत रोग पसरतो याचा हा पहिला धागा. मलेरिया डासामार्फत पसरतो हे दाखवणाऱ्या रोनाल्ड रॉस यांना पुढे याच मॅन्सनने डासांच्या मागे लावलं. नंतर त्याने एक माणूस दिवसाला आणि एक रात्रीला बसवून रक्त तपासलं, आणि पिल्लांची ये-जा कागदावर उतरली. बिचाऱ्याची एक गोष्ट मात्र चुकली. त्याला वाटलं, डास पाण्यात मरतो आणि ते पाणी पिऊन माणसाला रोग होतो. चावण्यातूनच होतो हे कळायला १९०० उजाडलं.

पुढे १८८१ मध्ये लंडनला स्टीफन मॅकेन्झी यांनी एका रोग्याला दिवसा झोपवलं आणि रात्री जागं ठेवलं. काही दिवसांत पिल्लांनीही पाळी बदलली! म्हणजे त्यांना सूर्याशी देणंघेणं नाही, तुमच्या झोपेशी आहे. विसाव्या शतकात फ्रँक हॉकिंग यांनी यावर बरीच वर्षं काम केलं. हो, स्टीफन हॉकिंग यांचे वडील. मुलगा कृष्णविवरांच्या मागे लागला, वडील जंतांच्या. रात्री रोग्याला नळीने प्राणवायू दिला की बोटाच्या रक्तातली पिल्लं कमी होतात, असं त्यांना दिसलं. झोपेत आणि जागेपणी फुफ्फुसातल्या प्राणवायूत जो फरक पडतो तो पिल्लांना जाणवतो, असा त्याचा अर्थ. रात्रपाळीच्या कामगारांची पट्टी पाहताना हे ध्यानात ठेवावं लागतं.

याचा उलटा पुरावा आपल्याच देशात आहे. निकोबारच्या काही बेटांवर हाच जंत आहे, पण तिथला डास वेगळा, दिवसा चावणारा. तिथे पिल्लंही दिवसा जास्त दिसतात. तिथल्या सहकाऱ्यांचा मला नेहमी हेवा वाटायचा, रात्रीच्या जेवणाला घरी असतात म्हणून.

मग दिवसा तपासायला काहीच मार्ग नाही का? आहेत, दोन आहेत. डीईसी या हत्तीरोगाच्या औषधाची एक गोळी दिली की दडलेली पिल्लं अर्ध्या-एक तासात बाहेर येतात आणि दिवसाही पट्टीवर सापडतात. पण गावच्या गाव तसं तपासणं शक्य नाही. दुसरी म्हणजे एफटीएस पट्टी, गर्भधारणेच्या चाचणीसारखी रेघ उमटणारी. ती मोठ्या जंताचा अंश ओळखते, त्यामुळे तिला वेळकाळ नाही. शाळेत सहा-सात वर्षांच्या मुलांची तपासणी होते ती तिनेच. मात्र औषध घेऊन पिल्लं गेल्यावरही तिची रेघ बराच काळ उमटत राहते. आज रात्री डासाला या माणसाकडून काही मिळणार आहे का, एवढं विचारायचं असेल तर रात्रीची पट्टीच लागते. शंभरात एक किंवा जास्त लोकांच्या पट्टीवर पिल्लं निघाली, तर त्या भागात सगळ्यांना गोळ्या द्यायच्या असं ठरतं.

त्या गोळ्यांबद्दल मात्र माझी तक्रार आहे, आणि ती लोकांबद्दल आहे. पंधरा वर्षांवरच्यांना डीईसीच्या तीन आणि अल्बेंडाझोलची एक. काही जिल्ह्यांत आता आयव्हरमेक्टिनही जोडलंय, नागपूर जिल्ह्यात ते २०१९ च्या सुरुवातीला आलं. डीईसी चाळीसच्या दशकात अमेरिकेतल्या ज्या प्रयोगशाळेत निघालं, तिथलं संशोधन आंध्रातून गेलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव पाहत होते. आणि आपण त्या गोळ्यांचं काय करतो? आशाताई दारात आली की "जेवण झाल्यावर खातो" म्हणून घ्यायच्या आणि फडताळात टाकायच्या. एका घरी मला तांदळाच्या डब्यावर तीन वर्षांच्या पुड्या सापडल्या, एकावर एक रचलेल्या. गोळी समोरच खा असा आग्रह धरतात तो यासाठी. रिकाम्या पोटी घेऊ नका. दोन वर्षांखालची मुलं, गरोदर बाया आणि खूप आजारी माणसं यांना देत नाहीत. घेतल्यावर ताप आला, गरगरलं, मळमळलं तर बहुतेक वेळा ती पिल्लं मरत असल्याची खूण असते, एक-दोन दिवसांत ओसरते. त्रास जास्त वाटला तर सरळ आरोग्य केंद्रात जा. एक समाधान म्हणजे एकदोन डास चावून हा रोग होत नाही. डासाच्या पोटात पिल्लांची संख्या वाढत नाही, त्यामुळे महिनोन्महिने बरंच चावून घ्यावं लागतं.

त्या कबड्डीवाल्याला बारा दिवसांचा डीईसीचा कोर्स दिला. पहिल्या रात्री ताप भरला तेव्हा मला शिव्या घालत होता. आजीच्या पायाला मात्र या गोळ्यांनी उतार पडत नाही. तिला रोज साबण लावून पाय धुणं, बोटांच्या बेचक्या कोरड्या करणं आणि रात्री पाय उशीवर ठेवणं शिकवलं. चिखल्या गेल्या, दर दोन-तीन महिन्यांनी येणारा ताप गेला, आणि तिला तेवढंही खूप वाटलं.

घरी करण्यासारखं विचाराल तर सेप्टिक टँकच्या व्हेंट पाइपवर जाळी बांधा, आजच. जुन्या मच्छरदाणीचा तुकडा आणि सुतळी पुरते.

राहिली तुमची मुलगी. तिला उठवायला नको होतं. आमच्या वेळी आम्ही झोपलेल्या पोराचा हात पांघरुणातून हळूच बाहेर काढायचो, बोट स्पिरिटने पुसायचो आणि झोपेतच टोचायचो. बहुतेक पोरं नुसती कूस बदलायची.