थॅलॅमसला ‘चेतक’ म्हणावे का?

प्रश्न असा आहे: अपस्मारावरचा (फिट येण्याच्या विकारावरचा) एक लेख मराठीत आणताना मेंदूतल्या एका भागाचे ‘थॅलॅमस’ हे नाव तसेच ठेवावे, की हिंदी परिभाषेतला ‘चेतक’ घ्यावा? आणि कंसात ‘मेंदूचे रिले केंद्र’ असा खुलासा दिला तर चालेल का?

थॅलॅमसच ठेवा. ‘चेतक’ घेऊ नका, आणि ‘रिले केंद्र’ तर अपस्माराच्या लेखात मुळीच नको. पहिल्या नकाराचे कारण थोडक्यात सांगता येईल, दुसऱ्यासाठी थोडे मेंदूत शिरावे लागेल.

मराठीत चेता म्हणजे मज्जातंतू. चेतापेशी, चेतासंस्था हे शब्द शाळेपासून ओळखीचे. त्या हिशेबाने चेतक म्हणजे चेतवणारा. थॅलॅमस चेतवतो हे खरे, पण शमवण्याच्या व्यवहारातही तो तितकाच गुंतलेला असतो, आणि अपस्मारात नेमकी तीच बाजू महत्त्वाची ठरते. शिवाय चेतक म्हटले की मराठी माणसाला राणा प्रतापांचा घोडा दिसतो. मराठीत हायपोथॅलॅमससाठी ‘अधोथॅलॅमस’ असा शब्द वापरात आला आहे. परका शब्द आणि आपला उपसर्ग अशी ही सोयरीक मला मनापासून आवडते. ती मोडण्याचे कारण दिसत नाही.

मूळ ग्रीक शब्द थालामोस. अर्थ घरातली आतली खोली, विशेषतः शेजघर. दुसऱ्या शतकातला वैद्य गॅलेन याने तो मेंदूच्या वर्णनात वापरला. पुढे कित्येक शतके दृष्टीची नस इथूनच निघते अशी समजूत होती, म्हणून जुन्या शरीररचनेच्या ग्रंथांत या भागाच्या नावाला दृष्टीचे विशेषण चिकटलेले आढळते. वनस्पतिशास्त्रातही थॅलॅमस आहे, त्याला आपण पुष्पासन म्हणतो. मेंदूतल्या थॅलॅमसला देशी नाव द्यायचेच असते, तर मी ‘माजघर’ सुचवले असते. घराच्या मधोमध असलेली ही खोली. ओसरीवरून स्वयंपाकघरात जायचे तर तिथूनच जावे लागते, आणि घरातले निम्मे निर्णयही तिथेच होतात.

थॅलॅमस मेंदूच्या मधोमध, डावा आणि उजवा असा जोडीने असतो. आकार अंड्यासारखा, लांबी सुमारे ३ सेंटीमीटर. वास सोडला तर डोळे, कान, त्वचा, जीभ यांच्याकडून येणारी वर्दी त्याच्यातूनच मेंदूच्या बाह्यकाकडे, म्हणजे कॉर्टेक्सकडे जाते. ‘रिले’ हा शब्द इथूनच आला. पण थॅलॅमसच्या दृष्टीविषयक पुंजातल्या पेशींवरचे सांधे, म्हणजे दुसऱ्या चेतापेशी जिथे येऊन जोडल्या जातात त्या जागा, पाहिले, तर डोळ्याकडून आलेले जेमतेम दहावा हिस्सा भरतात. त्याहून कितीतरी जास्त बाह्यकाकडून उलट आलेले असतात. ज्याच्याकडे निरोप पोचवायचा तोच निरोप्याला सतत काही सांगत असेल, तर त्याला नुसते पुढे ढकलणारे केंद्र कसे म्हणायचे? (पेशींच्या या समूहांना ‘केंद्रक’ म्हणू नका, तो शब्द पेशीच्या आतल्या केंद्रकासाठी रुळला आहे. ‘पुंज’ बरा.)

थॅलॅमसभोवती पेशींचे एक पातळ आवरण असते. त्याच्या पेशी बाह्यकाकडे काहीच पाठवत नाहीत, थॅलॅमसलाच दाबून धरतात. झोपेत याच दाबण्या-सोडण्यातून मेंदूच्या विद्युत आलेखावर (ईईजीवर) छोट्या लाटांचे झुबके उमटतात. आणि हीच यंत्रणा लहान मुलांच्या एका प्रकारच्या अपस्मारात भलत्या वेळी, भलत्या लयीत चालू होते. साधारण ४ ते १० वर्षांचे मूल बोलता बोलता थांबते, टक लावून पाहते, दहाएक सेकंदांनी जणू काही झालेच नाही असे पुढे बोलू लागते. वर्गात त्याला ‘लक्ष नाही’ म्हणून बोलणी बसतात, याचे फार वाईट वाटते. गिब्ज, डेव्हिस आणि लेनॉक्स या अमेरिकी संशोधकांनी १९३५ मध्ये या झटक्यांचा आलेख मांडला: सेकंदाला ३ या गतीने टोक आणि लाट, टोक आणि लाट.

ही लय कशी धरते? आवरणाने थॅलॅमसच्या पेशींना खोलवर दाबले की त्यांच्यातल्या टी-प्रकारच्या कॅल्शियम वाहिन्या, म्हणजे कॅल्शियम पेशीत सोडणारी दारे, उघडायला सज्ज होतात. दाब सुटताच पेशी एकदम भडकतात, बाह्यकाला आणि आवरणाला दोघांनाही चेतवतात. आवरण पुन्हा दाबते, आणि फेरा सुरूच राहतो. इथोसक्सिमाइड हे औषध याच वाहिन्यांना आवर घालते. पण म्हणून ‘झटका थॅलॅमसमधून सुरू होतो’ असे लिहू नका. उंदरांवरच्या प्रयोगांत ठिणगी बाह्यकाच्या एका ठिकाणी पडलेली दिसते, थॅलॅमस तिला लयीत धरून ठेवतो.

इतर विकारांतही ‘रिले’ तोकडाच पडतो. १९०६ मध्ये देजरिन आणि रूसी या पॅरिसमधल्या वैद्यांनी थॅलॅमसला इजा झालेले रुग्ण वर्णिले. केंद्र बंद पडले तर अंग नुसते बधिर व्हायला हवे. या रुग्णांच्या अर्ध्या अंगात मात्र असह्य वेदना होत्या. हाताच्या कंपावर फ्रान्समधल्या ग्रनोबलचे मेंदूचे शस्त्रवैद्य बेनाबिद यांनी १९८७ मध्ये थॅलॅमसमध्ये तार ठेवून वेगवान विद्युतस्पंदने दिली आणि कंप थांबला. औषधांना दाद न देणाऱ्या अपस्मारासाठी थॅलॅमसच्या पुढच्या पुंजात अशी तार बसवायला अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली. तिथे झटके सहसा कमी होतात, पूर्ण थांबणारे रुग्ण थोडे. भाषांतरात ‘बरा होतो’ हे क्रियापद टाळा.

रोगासाठी ‘अपस्मार’ योग्यच: चरकाने स्मृती निघून जाणे अशीच त्याची व्याख्या केली आहे. पण घरोघरी फिट, फेफरे, आकडी, मिरगी म्हणतात, तेव्हा पहिल्यांदा उल्लेख येईल तिथे ‘अपस्मार, म्हणजे फिट येण्याचा विकार’ असे लिहा. आणि कंसातल्या खुलाशाऐवजी हे वाक्य घ्या: ‘थॅलॅमस हा मेंदूच्या मध्यभागातला पेशीपुंजांचा समूह; संवेदना बाह्यकाकडे जाऊ द्यायच्या की रोखायच्या आणि कोणत्या लयीत, हे तो बाह्यकाच्या साथीने ठरवतो.’